बिनकपातीचा फंड

काकाजींच्या हातचा फॉर्म पहिल्या खेपेला कधीच पास झाला नाही. तो अकोल्याच्या फंडाच्या ऑफिसात जायचा आणि पंधरा-वीस दिवसांत हरकत लागून परत यायचा. कधी बापाच्या नावातलं एक अक्षर खाल्लेलं, कधी जन्मतारखेतले आकडे इकडचे तिकडे झालेले, कधी बँकेच्या खाते नंबरातलं एक शून्य गायब. दुरुस्त करून पुन्हा पाठवला की मात्र पैसे बिनबोभाट यायचे. नांदगाव पेठेच्या त्या कापड मिलमध्ये टाइम ऑफिसला मी लागले तेव्हा मला वाटलं, म्हातारा थकला, डोळ्यांना दिसत नसेल. साठी केव्हाच उलटलेली. रिटायर झाल्यावरही मालकांनी व्हाउचरवर ठेवून घेतलेला माणूस. अशांच्या चुका पोटात घालायच्या असतात, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

मी मूळची दर्यापूरची. वडील गेल्यावर आई आणि मी अमरावतीला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायला आलो. बी.कॉम., टायपिंग, संगणकाचे दोन कोर्स आणि चूक न करण्याचा माज, एवढं भांडवल घेऊन मी त्या नोकरीत शिरले. माज आईकडून आलेला. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि इतक्या वर्षांत एकदाही मीठ कमी-जास्त झालं नाही, हे ती स्वतःच्या तोंडानं सांगायची. मीही तसंच काही सांगण्याच्या तयारीत होते. तर माझं टेबल लागलं नेमकं काकाजींच्या टेबलाला खेटून.

मिलमध्ये प्रॉव्हिडंट फंडाला नुसतं फंड म्हणतात आणि त्यांना सगळे फंडवाले काकाजी म्हणायचे. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, उन्हाळ्यातसुद्धा. ऑफिसात सगळ्यावर कापसाचा बारीक धुरळा बसायचा, त्यांच्या शर्टावर कधी दिसला नाही. फॉर्मला हात लावण्याआधी उठून नळावर जायचे, साबणानं हात धुवायचे, रुमालानं एक-एक बोट कोरडं करायचे. मी विचारलं, "काकाजी, पूजा हाये का जी?" ते म्हणाले, "पूजेत चूक झाली तं देव माफ करते." मी हसले. तेव्हा मी पुष्कळ हसायची.

फंडाबद्दल ते असे बोलायचे जसा तो पैसा नसून अकोल्याला कुठेतरी ठेवलेला माणूसच आहे. एखादा कामगार येऊन म्हणे, "काकाजी, माह्या फंडात किती असन?" तर हे म्हणायचे, "हाये ना. निजून हाये आतमधी. काहून उठवतं?" मी एकदा टोकलं, की लोक घाबरतात असं बोललं की. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "फंड मंजे काय वं पोरी? बारा तास मशीनपाशी उभं राहून जे दिवस दिले, तेच दिवस कापून तिथी ठेवले हायेत. माणसाचेच दिवस ते. काढ्याचे तं जपून काढा लागते." मी आपली माझ्या हजेरीपटाकडे वळले.

हरकत लागून फॉर्म परत आला की दुसरा कारकून कपाळाला हात लावेल. काकाजी खूश व्हायचे. "आला वापस," असं म्हणून पाकीट उघडायचे, हरकत मोठ्यानं वाचायचे, कागदाची घडी कपाळाला लावायचे आणि अख्ख्या ऑफिसला चहा सांगायचे. मॅनेजर साहेबांचा जीव वरखाली व्हायचा. "काकाजी, चाळीस वर्षं झाली तुमाले हे काम करून, अन् एक तारीख धड लिहिता येत नाई?" काकाजी मान खाली घालून म्हणायचे, "वय झालं साहेब." पण खाली घातलेले ते डोळे चमकत असायचे, वय झालेल्या माणसाचे डोळे तसे नसतात. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

कारण माणूस अडाणी अजिबात नव्हता. फंड कोणत्या दारानं कपात न होता बाहेर येतो, ते त्यांच्याइतकं अमरावती-अकोल्यात कुणाला ठाऊक नसेल. एक फिटर चार वर्षं करून नोकरी सोडत होता. पाच वर्षं सलग भरली नसतील तर रकमेतून कर कापला जातो, त्यामुळे बिचारा चेहरा पाडून बसला होता. काकाजींनी विचारलं, आधी कुठे होतास. तो म्हणाला, दर्यापूरच्या जिनिंगात, दोन वर्षं. तिथला फंड तसाच पडून आहे हे तो विसरूनही गेला होता. काकाजींनी तो जुना फंड ह्यात जोडून घेतला, चार आणि दोन सहा झाले आणि कपातीचा प्रश्नच मिटला. फिटर पाया पडला. आणि त्याच फिटरचा फॉर्म भरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की काकाजींनी आधार कार्ड समोर धरलं, नीट वाचलं, आणि जन्मतारीख चुकीची लिहिली.

"काकाजी, एकोणीस नाई जी, एकोणतीस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. "दिसलं तुले?"

"दिसलं जी."

"मंग तसंच राहू दे."

एवढंच. रागावले नाहीत, लाजले नाहीत. तो फॉर्म तसाच गेला, तसाच परत आला, चहा झाला.

त्यांची आणखी एक सवय होती. फंड काढायला कुणी आलं की ते आधी किती पाहिजे हे विचारत नसत, कशाला पाहिजे हेही नाही. खुर्ची दाखवायचे आणि म्हणायचे, "घरी कोण कोण हाये?" माणूस सांगायचा, बायको, दोन पोरं, म्हातारी आई. ते फॉर्मच्या आपल्याजवळ राहणाऱ्या कॉपीच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं तेवढ्या बारीक उभ्या रेघा ओढायचे. मला वाटायचं, वारसाचं नाव लागतं म्हणून विचारत असतील. पण पैसे हाती पडल्यावर दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस गेटवर भेटला तर हे त्याला थांबवून विचारायचे, "घरी सगळे हायेत?" तो म्हणायचा, "हो जी, सगळे मजेत." काकाजी आत येऊन टेबलाच्या खणातला कागद काढायचे आणि त्या रेघा रबरानं खोडायचे. सावकाश, एक-एक.

मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, "आई अन् मी." त्यांची पेन्सिल हातातच राहिली. "दोघीच?" म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "दोघीतून काय कापन." मला त्याचा अर्थ कळला नाही. घरी येऊन मी आईला सांगितलं की बाजूच्या टेबलावर एक येडा बसला आहे.

शेवटी एका दुपारी मी त्यांना धरलंच. साहेब नागपूरला गेले होते, ऑफिसात आम्ही दोघंच. म्हटलं, मुद्दाम चुका का करता? गरीब लोक आहेत, वीस-वीस दिवस हेलपाटे घालतात. काकाजींनी खण उघडला आणि सुतानं बांधलेला एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. आठ फॉर्मांच्या कार्बन कॉप्या. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांना टायफॉइड झाला होता, तेव्हा बदलीवर आलेल्या कारकुनानं भरलेले. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. आठही फॉर्म एकाच दिवशी गेले, आठही पहिल्या खेपेला पास झाले.

"हा वाइंडिंग खात्यातला. पैसे आले अन् महिन्यानं झोपेतच गेला. ह्याची बायको. ह्याचा पोरगा, कार्डिंग मशीनीत हात. हा विहिरीत पडला. ह्याची माय." ते एक-एक कागद पुढे सरकवत होते. आवाज हजेरी घेतल्यासारखा.

"अन् हे तिघं?"

"त्याईले काई झालं नाई."

"मंग?" मी जिंकल्यासारखी बोलले. "माणसं मरतेतच काकाजी. फॉर्म भरला नसता तरी मेलीच असती."

"हो," ते म्हणाले. "मरतेतच."

त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. ते गठ्ठा बांधत राहिले. मग म्हणाले, "कपात तं होतेच वं पोरी. सरकार नाई कापत तं दुसरं कोणी कापते. एका गठ्ठ्यातून गेले ते आठ जण. पाच जणाईनं दिलं म्हणून तिघं सुटले. म्हणून मी कागदातच थोडी खोट ठेवतो. हरकत लागली, चकरा झाल्या, वीस दिवस गेले, घरात भांडण झालं. तेवढ्यात भागते. कापणाऱ्याचं भागते."

मी खातरजमा केली, माझा स्वभावच तसा. जुन्या कामगारांना आडून आडून विचारलं. आठही गोष्टी खऱ्या निघाल्या.

तरीही माझा राग गेला नव्हता. मी पुन्हा विचारलं, हे डोक्यात आलं कुठून. तेव्हा त्यांनी स्वतःचं सांगितलं. तरुणपणी घर बांधायला त्यांनी फंडातून रक्कम काढली होती. पाच वर्षं भरलेली, जागा त्यांच्या नावावर, कागद एक कमी नाही. "अकोल्याचा साहेब म्हणे, असा फॉर्म मी पाह्यला नाई. आठव्या दिवशी चेक आला. एक रुपया कापला नाई." घराची वास्तुशांत झाली त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला ताप आला. सात वर्षांची होती. तीन दिवसांत गेली. "मी बायकोले सांगतलं नाई का ही फंडाची कपात होय म्हणून. ते म्हणे डॉक्टर चुकला. मी म्हटलं, हो." बायकोही नंतर वारली. त्या घरात ते एकटे राहत.

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. एका दुःखी माणसाच्या डोक्यात बसलेलं खूळ आहे, एवढंच आहे ते, असं मला म्हणता आलं. खुळाला कारण सापडलं की आपल्याला भीती वाटत नाही.

त्यानंतर दीड वर्षानं आईचं छाती भरून येणं सुरू झालं. दोन पायऱ्या चढली की बसायची. अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात दाखवलं, तिथून नागपूरला पाठवलं. हृदयाची एक झडप पार कामातून गेली होती. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि म्हणाले, ही चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, तेवढं थांबण्यासारखं हे हृदय नाही. बहुतेक खर्च सरकारी योजनेत बसत होता. उरलेली रक्कम आठ दिवसांत भरायची होती, तर तारीख पक्की. माझ्याकडे फंडाशिवाय काही नव्हतं.

काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच माहिती दिली, पाठ असल्यासारखी. "आजारपणाले कपात नाई. पाच वर्षांची अट नाई. वापस भरा लागत नाई. मायच्या ऑपरेशनले भेटते." मग म्हणाले, "मी भरून देतो."

मला कळलं. त्यांनी भरायचा म्हणजे वीस दिवस.

"आठ दिवसांत पायजे काकाजी. मी मोबाईलवरूनच भरतो."

"मोबाईलवर खोट कशी ठेवशीन?"

"नाई ठेवत."

त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. "एक अक्षर," ते म्हणाले. "एखादं अक्षर सोड. वापस आला तं दुसऱ्या दिवशी पुन्हा टाक." मी हात सोडवून घेतला. त्या क्षणी मला त्यांची किळस आली होती, हे लिहायला हवं. माझी आई दर श्वासाला थांबत होती आणि हा माणूस अक्षर सोड म्हणत होता.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या कट्ट्यावर बसून मी फॉर्म भरला. तीनदा तपासला. चौथ्या दिवशी पैसे खात्यात आले, पूर्ण, आणि त्याच संध्याकाळी मी दवाखान्यात भरले. तारीख पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, थोडं तोऱ्यातच. त्यांनी विचारलं, "एकबी हरकत नाई?" मी म्हटलं, "नाई जी." ते खुर्चीत बसून राहिले. दिवसभर एका फॉर्मला हात लावला नाही. नळावरही गेले नाहीत. पाच वाजता उठताना म्हणाले, "घरी तू अन् माय. दोघीच." घरी गेल्यावर दार उघडायच्या आधी मी क्षणभर बाहेर थांबले. आत आईच्या खोकल्याचा आवाज आला तेव्हा कुलपात किल्ली घातली.

आणि मग तो प्रकार सुरू झाला ज्याला मी आजवर नाव देऊ शकले नाही. रोज घरी जाताना ती उंबरठ्यापाशी थांबण्याची सवय मला लागली. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला तरी मी दांडा घट्ट धरायची. गॅस बंद केला की नाही, हे मी अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पाहायची. आई म्हणायची, "ऑपरेशन माहं हाये का तुहं?" विश्वास नव्हता माझा. मी स्वतःला तसं रोज सांगत होते, आणि जे रोज सांगावं लागतं त्याचं काय असतं ते मला तेव्हाही समजत होतं.

चार दिवसांनी काकाजी एक जुनं पासबुक घेऊन आले. घराच्या त्या रकमेनंतर त्यांनी स्वतःच्या फंडाला पुन्हा कधी हात लावला नव्हता. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचा फंड अकोल्यात तसाच निजून होता. पूर्ण रक्कम काढायचा कागदी फॉर्म त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"माहा भरून दे."

"मी?"

"तू. स्वच्छ भर. तुह्यासारखा."

मी विचारलं, "काहून काकाजी? आत्ताच काहून?"

"एका गठ्ठ्यातून गेले ना, तं कापणारा एकदाच येते, त्याचं भागलं का बाकीचे सुटते," ते म्हणाले. "तुहा गेला, त्याच्यामागं लगेच माहा जाऊ दे. माह्या घरी मी एकटाच हाओ. त्याले शोधत बसा लागत नाई."

ह्यावर मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. काकाजी, येडेपणा करू नका. मी भरणार नाही. किंवा हसायला तरी हवं होतं. मी पेन उचललं.

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. नाव, वडिलांचं नाव, खाते नंबर. मिलमध्ये लागल्याची तारीख विचारली. "सतरा," ते म्हणाले. माझा हात सवयीनं मागच्या कपाटाकडे गेला. जुनं रजिस्टर काढलं, त्यांच्या नावावर बोट ठेवलं. तिथे सात तारीख होती.

सतरा लिहिलं असतं तर फॉर्म परत आला असता. हरकत, वीस दिवस, चहा. ते सवयीनं सतरा म्हणाले असतील. चाळीस वर्षं जीभ प्रत्येक फॉर्ममध्ये एक खोट ठेवत आलेली, आपली आपण वळली असेल. किंवा त्यांनी माझ्यासाठी एक वाट ठेवली असेल, की पोरीला वाटलं तर तिनं मला सोडवावं. मला ते दोन्ही तेव्हाच सुचलं, नंतर नाही. आणि विश्वास नसेल तर तारीख दुरुस्त करणं हे नुसतं रोजचं काम होतं. मग त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर पायरीवर बसलेली आई का आली?

मी सात लिहिलं.

त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. त्या तारखेपाशी थांबले. "रजिस्टर पाह्यलं?"

"पाह्यलं जी."

"मंग बराबर," ते म्हणाले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोल्याला जाऊन स्वतः देऊन आले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आईला आत नेलं आणि मी नागपूरच्या त्या लांब बाकावर येऊन बसले, तोच त्यांचा फोन आला. "माय गेली का आत?"

"आत्ताच नेलं जी."

"माहे पैसे आले. पुरे आले. त्या घराच्या फॉर्मानंतर पहिल्यांदा एकबी हरकत नाई." ते हसले. त्यांना फोनवर हसताना मी पहिल्यांदा ऐकत होते. "तू भिऊ नोको आता. चहा घे."

मी खरंच जाऊन चहा घेतला. तो गोड लागला, त्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, झडप नीट बसली. मी भिंतीला टेकून रडले. अर्ध्या तासानं पुन्हा काकाजींच्याच नंबरवरून फोन आला. त्यांचे शेजारी बोलत होते. शेवटचा फोन माझ्या नंबरला लागलेला म्हणून त्यांनी मलाच लावला होता. काकाजी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते. कामवाली आली तेव्हाही तसेच बसलेले होते. फोन मांडीवर होता.

पैसे पुढे पुतण्याला गेले. ऑफिसात साहेबांनी फाइल बंद करताना म्हटलं, "आखरीले एक तरी फॉर्म धड भरला काकाजीनं." अक्षर माझं होतं. मी फाइल कपाटात ठेवली. त्यांच्या खणातला तो आठ कॉप्यांचा गठ्ठा माझ्याकडे आला आणि फंडाचं कामही. आता सगळं मोबाईलवर होतं, कागद कुणी मागत नाही. लोकांचे पैसे तीन-चार दिवसांत येतात, ते मला पेढे देतात. मी त्यांना घरी कोण कोण आहे हे कधीही विचारत नाही. विचारायचं नाही म्हणून मी त्यांच्याकडे पाहतच नाही.

आई सुधारली. जिने चढायला लागली. सारखी म्हणायची, "तुह्या त्या काकाजीले एकदा जेवाले आण. त्याईनंच सांगतलं ना फंडाचं?" मी आज-उद्या करत सहा महिने काढले, ते गावी गेलेत, आजारी आहेत, काहीही सांगत राहिले. शेवटी एका सकाळी राहवलं नाही आणि तिला सगळं सांगून टाकलं. गठ्ठा, रेघा, त्यांची मुलगी, सतरा आणि सात.

आई खाटेवर बसून ऐकत होती. तिचा हात छातीवरच्या व्रणावर होता, तो तिनं काढला नाही. सगळं झाल्यावर तिनं एकच विचारलं, "तुले दिसलं व्हतं ना, ते चुकीचं सांगून राहिले म्हणून?"

"दिसलं होतं."

"बरं केलं पोरी," ती म्हणाली.

मी रोजच्यासारखी तिच्या गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन आले. तिनं माझा हात बाजूला केला, अगदी हळू, उठून स्वयंपाकघरात गेली आणि दुसरा पेला स्वतः भरून घेतला. तेव्हापासून तिच्या गोळ्या ती स्वतःच घेते.